मागच्या सपरीतली सुटी

सुटीचा दिवस एकट्यानं निवांत कसा घालवावा, हे हल्ली लोकांना शिकवावं लागतं म्हणे. माझी नात सांगत होती, तिच्या मैत्रिणी त्यावर तासन्‌तास बोलतात. पहाटे उठून फिरायला जावं, मन लावून काहीतरी बनवावं, स्वतःशी संवाद साधावा. मी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की पहाटे उठायचं असेल तर ती सुटी कसली? तिला राग आला. येऊ दे. या विषयात बोलायचा मला अधिकार आहे. मी तरुण होते तेव्हा, म्हणजे स्वराज्य येऊन थोडी वर्षं झाली होती तेव्हा, आमच्या आख्ख्या गावात एकटीनं सुटी घेणारं कुणी असेल तर ते आम्ही बायकाच. दर महिन्याला तीन दिवस. अर्ज नाही, साहेबाची मंजुरी नाही. कावळा शिवला की झालं.

ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. बाईची पाळी आली की तिला कावळा शिवला म्हणायचे. मग तिनं तीन दिवस बाहेर बसायचं, घरातल्या कशालाही शिवायचं नाही, चुलीकडे तर फिरकायचंसुद्धा नाही. चौथ्या दिवशी न्हाऊन आत यायचं. या प्रकारावर पुढं खूप लिहिलं गेलं, वाईटच लिहिलं गेलं, आणि ते खरंही होतं. पण त्या तीन दिवसांत बाईच्या हातात लाटणं नसे, ही गोष्ट लिहिणाऱ्यांच्या नजरेतून सुटली. बहुतेक सगळे लिहिणारे पुरुष होते.

आम्ही तेव्हा चांदा जिल्ह्यात, गडचिरोलीच्याही पलीकडे, जंगलाला टेकलेल्या एका गावात राहत होतो. चांद्याचं चंद्रपूर अजून व्हायचं होतं. आमच्या ह्यांची नोकरी सरकारी लाकडाच्या डेपोत. जंगलातून सागाचे ओंडके यायचे, त्यांच्यावर हातोड्यानं खुणा पाडायच्या, आणि लिलावापर्यंत ते चोरीला जाऊ नयेत म्हणून बघत बसायचं. खुणा पाडायला वेगळा माणूस होता. बघायला पहारेकरी होता. हे या दोघांकडे बघत. तरी संध्याकाळी घरी येताना चेहरा असा, की सगळे ओंडके ह्यांनीच खांद्यावरून वाहून आणलेत.

घरात आम्ही तिघंच, हे, मी आणि माझ्या सासूबाई. मूलबाळ अजून नव्हतं. त्यामुळे माझा कावळा नेमानं येई आणि दर खेपेला आळीतल्या बाया चुकचुकत. "याही महिन्यात नाई वो बाप्पा," असं म्हणत त्या माझ्याकडे अशा बघत, की मला रडू यावं. मी मान खाली घालून बसे. खाली घातलेल्या मानेनं हसता येतं, हे मी तिथं शिकले.

सुटी आमच्या ह्यांनाही होती. तिला रविवार म्हणत. रविवारी हे उशिरा उठत आणि पहिला चहा खाटेवरच घेत. मग आंघोळीला जास्तीचं गरम पाणी लागे, कारण वेळ असे. जेवायला दोन भाज्या लागत, कारण चव घ्यायला सवड असे. दुपारी डेपोतली दोघं-चौघं पत्ते कुटायला येत. त्यांचा चहा, त्यांचे भजे. संध्याकाळी हे पाय पसरून म्हणत, "आठवड्यातून एक दिवस आराम पाहिजेच माणसाला." माझ्या सासूबाई त्या वेळी उद्याची डाळ निवडत असत. मी कप विसळत असे.

आता माझी सुटी. घराच्या मागच्या बाजूला कवेलूंची, म्हणजे कौलांची, एक उतरती सपरी होती, तीन बाजूंनी मोकळी. तिच्यापुढं सांदवाडी, म्हणजे घरामागची भाज्यांची जागा. वांगी, वाल, दुधीचा वेल, बांबूचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे मोहाची झाडं. तिथं एक तरट आणि एक जुनी घोंगडी माझ्या नावानं खुंटीला असे. कावळा शिवला की मी दारातूनच सासूबाईंना सांगायची, तरट काढायची आणि पसरायची. त्या आतून म्हणत, "झाली का बाहेरची?" तो आवाज नेहमी कडू असे. त्यांना माझा विटाळ वाटतो, असंच मी धरून चालले होते.

आणि मग काय करायचं? काहीच नाही. माझ्या नातीच्या मैत्रिणींना ही पायरी जमत नाही असं दिसतं. पहिल्या दिवशी तर मी नुसती पडून राहायची. कवेलूंच्या फटीतून उन्हाची टिकली अंगावर पडे. ती हातावरून दंडावर, दंडावरून पोटावर सरकेपर्यंत बघायची. मोहावरून खार खाली येई, माझ्याकडे बघे, आणि ही काही उठून हाकलत नाही हे कळलं की थेट सपरीत येऊन दाणे टिपून जाई. केस मोकळे सोडायचे. पाय भिंतीला लावून वर करायचे. आळीत कुठं कुणाचं भांडण चाललं असेल तर ते पुरतं ऐकायचं. एरवी अर्ध्यातच भाकर करपायची आणि कोण बरोबर, कोण चूक हे कळायचं राहून जाई.

दुसऱ्या दिवशी वाचन. मी नागभीडच्या शाळेत चार बुकं शिकले होते आणि वाचायची मला भारी हौस. पोथीला हात लावायचा नाही असा नियम होता, पण दुकानदार ज्या रद्दीत डाळ-गूळ बांधून देई त्या कागदांना कुणी पोथी म्हणत नसे. महिनाभर मी ते कागद सपाट करून सपरीच्या आड्याला खोचून ठेवी. त्यात मासिकांची पानं असत. एका गोष्टीत नायिका नवऱ्याला सोडून रेल्वेत बसली होती आणि पान तिथंच संपलं होतं. पुढचं पान कुणाच्या घरी तिखट घेऊन गेलं कोण जाणे. मग ती बाई कुठं उतरली, हे मी दर महिन्याला नवीन ठरवी. एकदा मी तिला बल्लारशाला उतरवलं आणि तिथल्या फलाटावर गरम जिलेबी खायला घातली. माझ्या हातात दुसरं काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मात्र जीव घाबरा होई. उद्या न्हायचं, आणि न्हालं की आत.

या सुटीचं मी देव्हाऱ्यात ठेवून गुणगान करत नाही. ताट माझं वेगळं, जर्मनचं, पोचे आलेलं, आणि त्यात भाकर वरून टाकली जाई. पाणी हवं तर ओंजळ पुढं करायची आणि ते उंचावरून ओतलं जाई, निम्मं कोपरावरून ओघळे. पावसाळ्यात सपरी गळे. थंडीत घोंगडीतून वारा शिरे. पोटात कळ आली तर शेकायला विस्तव मागायचीही चोरी. पळसाची पानं विकायला आतल्या गावातून एक बाई येई. तिच्या गावी सगळ्या बाया गावाबाहेरच्या एका झोपडीत एकत्र राहत. "तिथी साप येते, पानी गळते," ती सांगे, "पर आमी चार-पाच जणी राह्यतो. तुमी एकटीच? बोलता कोणासंगं?" तिला माझी कीव येई. मला तिच्या सापांची भीती वाटे, पण चार-पाच जणींची त्याहून जास्त. कुणाशी बोलायचं नाही, हीच तर माझी चैन होती.

एवढं सगळं ठीक चाललेलं असताना आमच्या घरात सुधारणा शिरली.

झालं असं, की डेपोच्या पटांगणात एका पाहुण्याचं व्याख्यान झालं. हे साहेबाशेजारी पुढच्या रांगेत बसले होते, त्यामुळे झोपता आलं नाही आणि सगळं ऐकावं लागलं. घरी आले ते चप्पल न काढताच म्हणाले, "स्त्री ही कधीही अपवित्र नसते. आजपासून या घरात शिवाशीव बंद." आमचे हे एरवी आमच्यासारखंच बोलत, काऊन आणि कुठी म्हणत. सुधारणेसाठी मात्र त्यांनी पुण्याची भाषा काढली होती.

सासूबाई ताक घुसळत होत्या. "लाकडं पाहून पाहून डोस्कं फिरलं काय याचं?" त्या मागच्या दारातून मला म्हणाल्या.

मी त्या वेळी सपरीत होते, दुसरा दिवस होता, आणि बल्लारशाच्या गाडीला अजून अवकाश होता. हे मागं आले. माझ्या पुढ्यात उभे राहिले, आणि हात पुढं करून म्हणाले, "ऊठ. आत चल."

खरं सांगते, त्या हातानं मला क्षणभर भरून आलं. तीन दिवसांत मला कुणी बोट लावत नसे, आणि हा माणूस आईच्या देखत माझा हात धरत होता. मी उठले. आत गेल्यावर विचारलं, "मग आता या दिवसांत मी काय करायचं?"

"रोज करतेस तेच," हे म्हणाले. "तू आता मुक्त आहेस. आज पिठलं कर, मस्त."

मी पिठलं केलं. तरट ह्यांनी स्वतःच्या हातानं उकिरड्यावर टाकलं. सासूबाईंनी त्या दिवशी माझ्या हातचं खाल्लं नाही. स्वतःपुरत्या लाह्या भिजवल्या आणि तोंड फिरवून खाल्ल्या. मला वाटलं, म्हातारीला धर्म बुडाल्याचं दुःख आहे. मला माझी सुटी बुडाल्याचं होतं. दोघी एकाच चुलीपाशी, दोन दुःखं घेऊन बसलो.

पुढच्या महिन्यात मी कंबर धरून भाकरी थापल्या. तरी ते चाललं असतं. पण सुधारणा केली आणि कुणाला कळली नाही, हे ह्यांना सोसेना. गावात समजा कुणी विहीर खणली तर ती दिसते. आमच्या घरात कोण कशाला शिवतं, हे बाहेर कसं दिसणार? म्हणून ह्यांनी साहेबांना आणि शाळेच्या हेडमास्तरांना जेवायला बोलावलं. दिवस मुद्दाम माझा धरला. मला आदल्या दिवशी नुसतं म्हणाले, "उद्या चार माणसं जास्त आहेत असं समज. पुऱ्या कर. आणि पाटोडीचा रस्सा."

पाटोडी म्हणजे बेसन घोटायचं, थापायचं, कापायचं, आणि मग झणझणीत रश्श्यात सोडायचं. धडधाकट बाईची कंबर मोडते. माझी आधीच मोडलेली होती. मी पहाटेपासून लागले. सासूबाई त्या दिवशी अन्नाला शिवणार नव्हत्या, पण त्यांनी पाणी भरून दिलं, लाकडं आणून दिली, आणि न बोलता पाटा-वरवंटा धुऊन ठेवला.

दुपारी पानं वाढली. पाहुण्यांनी पहिला घास उचलला, आणि आमचे हे घसा खाकरून म्हणाले, "आपण जे जेवताय तो सगळा स्वयंपाक हिनं केलाय. आणि हिचा आज दुसरा दिवस आहे."

मी आतल्या दाराच्या मागं होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला त्या दिवशी वाटलं. जी गोष्ट मी सासूबाईंनाही डोळे खाली करून सांगायची, ती आता रश्श्याबरोबर वाढली गेली होती. हेडमास्तरांची पुरी हातातच राहिली. ते तिच्याकडे असे बघत होते, की तीच आता काहीतरी निर्णय घेईल. साहेब नागपूरकडचे, त्यांनी "वा, वा" म्हणून आणखी दोन पुऱ्या मागितल्या. ते पाहून हेडमास्तरांनी डोळे मिटले, ओठ हलवले, बहुतेक गायत्री म्हटली, आणि पुरी तोंडात टाकली. त्यानंतर मात्र त्यांनी रस्सा तीनदा घेतला.

"वहिनींना बाहेर बोलवा," साहेब म्हणाले. "त्यांचं मत ऐकू या. क्रांती म्हणतात ती हीच."

हे आत आले. "चल. दोन शब्द बोल. लाजू नकोस."

मी पदर सावरून दारात उभी राहिले. हाताला बेसन होतं. रूढी किती दुष्ट आहे आणि माझे पती किती थोर आहेत, एवढं म्हणायचं होतं. सगळे तेवढ्यासाठीच थांबले होते. मलाही तेवढंच म्हणायचं होतं. पण पोटात कळ आली आणि तोंडातून दुसरंच गेलं.

"बाहेर बसणं बंद झालं ते बरं झालं," मी म्हणाले. "ते तरट मला नकोच होतं. ते वरून ओतलेलं पाणीही नको होतं. पण त्याच्यासंगं माझी सुटीही गेली. तेवढी मला परत पायजे."

मग साहेब हसायला लागले. हेडमास्तरही हसले, ते साहेबांच्या पाठोपाठच हसत. "सुटी?" साहेब म्हणाले. "अहो वहिनी, तुमची तर रोजच सुटी. ना ऑफिस, ना दौरा!"

आमचे हे लाल झाले होते. पण हसण्यावारी गेलं हे पाहून तेही हसले आणि मला समजावत म्हणाले, "अगं, सुटी कामापासून असते. तू तर घरीच असतेस."

मी आत गेले. चुलीपुढं बसून रडले, रागानं रडले. बाहेरून हाक आली, "गरम पुऱ्या येऊ दे!" मी डोळे पुसले आणि पुऱ्या तळल्या. धुरानं डोळे लाल झाले असं सगळ्यांना वाटलं असणार. वाटलं असेल तर, म्हणजे कुणी पाहिलं असेल तर.

दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर गेले. सासूबाई मागून आल्या. बादली माझ्या हातून घेतली. ह्यांची सुधारणा लागू झाल्यापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. दोर सोडत म्हणाल्या, "काल तू सुटी मांगितली ना?"

"हो, आत्याबाई." मी म्हटलं, आता बोलणी बसणार.

"मले वाटे, तुले बाहेर बसाची लाज वाटत असन." त्या विहिरीत बघून बोलत होत्या. "माह्यं बसणं बंद झालं ना, तवा बाया म्हणे, सुटली बाप्पा तू या कटकटीतून. मी घरी आली अन् रडली. तवापासून एक रोज चुलीम्होरून उठली नाई मी. तू सपरीत बसे, तवा तुह्या वाटचं मीच रांधो. तुहा लय राग ये मले."

"विटाळाचा?"

"विटाळाचा नाई वो." त्यांनी बादली वर ओढली. "बसण्याचा."

त्यांनी एवढं बोलून बादली डोक्यावर घेतली आणि चालायला लागल्या. मी तिथंच उभी राहिले. त्या "झाली का बाहेरची?" चा कडूपणा इतकी वर्षं मी चुकीच्या नावानं ओळखत होते. मला लाज वाटली, आणि त्या बाईबद्दल माया वाटली. ती याआधी कधी वाटली नव्हती, हेही सांगून टाकते.

पुढच्या रविवारी मी उशिरा उठले. आंघोळ केली, केस मोकळे सोडले, आणि कोपऱ्यातली चटई काखेत मारली. हे खाटेवर बसून चहाची वाट बघत होते.

"आज मी मागच्या सपरीत बसते," मी म्हटलं. "चहा-जेवणाचं तुम्ही बघा."

ह्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. "पण तुझं तर आत्ताच होऊन गेलं."

"गेलं. आज काही नाही. आज रविवार आहे."

"अगं, पण ही शिवाशीव मी बंद केलीये! लोक काय म्हणतील? मी साहेबांसमोर..."

"बंदच आहे," मी म्हटलं, आणि ह्यांच्या सदऱ्याच्या बाहीला हात लावून दाखवला. मग खाटेला लावला, पाण्याच्या माठाला लावला, जाता जाता देवळीतल्या पंचांगालाही लावला. "सगळ्याला शिवते. फक्त करत काही नाही."

ह्यांची सुधारणेची भाषा गळून पडली. "माय वो," त्यांनी आत हाक मारली, "तू तरी सांग ना इले!"

सासूबाई आतून आल्या. त्यांच्या काखेत त्यांची घोंगडी होती. त्या ह्यांच्यासमोरून गेल्या, माझ्याही समोरून गेल्या, आणि सपरीच्या दुसऱ्या टोकाला घोंगडी पसरून, माझ्याकडे पाठ करून बसल्या. मी माझी चटई या टोकाला पसरली. मला एकटीची सुटी हवी होती. पण ती म्हातारी इतकी गप्प बसली होती, की मी एकटीच होते आणि तीही एकटीच होती.

आत बराच वेळ भांडी वाजत होती. काहीतरी सांडलं. मग हे दारात न येता आतूनच ओरडले, "माय, मीठ कुठी ठेवलं वो?"

मीठ चुलीच्या डाव्या हाताला होतं, बरणीत, जिथं ते माझ्या लग्नाआधीपासून होतं. मी सवयीनं तोंड उघडलं.

"बोलू नोको," सासूबाई वळून न बघता म्हणाल्या.

मी तोंड मिटलं. आतून पुन्हा हाक आली, या खेपेला नुसतीच "माय वो". सासूबाईंनी पदर डोळ्यांवर ओढला आणि त्या घोंगडीवर आडव्या झाल्या. दिवसाउजेडी त्यांना आडवं झालेलं मी त्या घरात प्रथमच पाहत होते.